शंभर युनिटांच्या आत

आमच्या घरात एक नियम आहे. महिन्याला शंभर युनिटांच्या वर वीज जाळायची नाही. या नियमाला एक पोटनियम आहे : का, ते विचारायचं नाही.

नियम तात्यांचा. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्स खात्यात आयुष्य काढून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. निरोप समारंभात कंपनीनं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. तात्या मात्र कंपनीची अख्खी शिस्तच घरी घेऊन आले. गेटवर कुणी झडती कशी घेतली नाही, देव जाणे!

थेरगावात दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. माणसं पाच : तात्या, काकू, बाबा, आई आणि मी. मीटर एक. विजेचे दर वाढले की बाकीच्या घरांत लोक वैतागतात, शिव्या देतात आणि विसरतात. आमच्या घरात मीटिंग बसते. त्यामुळे बिल महिन्यातून एकदा येतं, किस्से आठवड्याला दोन! हिंजवडीला ऑफिसात डबा उघडायच्या आधी मैत्रिणी विचारतात, "ऋतुजा, तात्या काय म्हणतायत?" आता इतके साठलेत की तोंडी सांगताना मधलेच राहून जातात. म्हणून लिहूनच काढते.

*

रिटायर झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तात्यांनी घरातल्या सगळ्या उपकरणांची वर्गवारी केली. अ, ब आणि क. कंपनीत मशिनींची करायचे तशी.

अ म्हणजे जे बंद पडलं तर उत्पादन थांबेल ते. यात टीव्ही, हॉलचा पंखा, तात्यांच्या खोलीतला पंखा आणि तात्यांचा मोबाइल.

ब म्हणजे जपून वापरायचं. फ्रीज, वॉशिंग मशीन, बाकीचे दिवे.

क म्हणजे नसलं तरी चालतं. मिक्सर, इस्त्री, गीझर आणि स्वयंपाकघरातला पंखा!

आता, माझी आई घरातून डबे देते. चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणारी पंधरा पोरं आहेत, बहुतेक आमच्याच लातूरकडची. सकाळी सातच्या आत त्यांच्या पोळ्या-भाज्या तयार, संध्याकाळी पुन्हा. म्हणजे आमच्या घरात खरोखरचं उत्पादन कुठं होत असेल, तर ते फक्त स्वयंपाकघरात!

"तात्या, तो पंखा क मध्ये कसा?" मी विचारलं.

"पंख्यानं गॅसची ज्योत हलती. गॅस बी वाया, वीज बी वाया. डबल लॉस!"

"आणि आई उकडून निघते त्याचं?"

"मंगलला सवय हाय."

आईनं पदरानं कपाळ पुसलं. तात्यांनी स्टूल मांडलं, पंखा उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. बाबा काय करत होते म्हणाल, तर स्टूल धरून उभे होते!

त्या दिवशी मी मनात ठरवलं, बाकी काय वाटेल ते होऊ दे, आईचा पंखा मी परत लावणार. त्याला वर्ष लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

*

गीझरला तात्यांनी कुलूप घातलं. खरंच. बाथरूमच्या दाराशेजारी गीझरचं बटण आहे, त्यावर प्लॅस्टिकची पेटी बसवली, तिला लाल कुलूप आणि कुलपाला पाटी : 'धोका! माणूस कामावर आहे. चालू करू नये.' कंपनीत मशीन दुरुस्तीला काढलं की अशी पाटी लावतात. चुकून कुणी बटण दाबलं तर आतला माणूस जायचा!

डिसेंबरात लातूरहून आईचे मामेभाऊ आले, नानामामा. सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूमपाशी गेले, पाटी वाचली आणि परत हॉलमध्ये येऊन बसले. दहा मिनिटांनी पुन्हा गेले. पुन्हा आले. असं अर्धा तास चाललं. शेवटी आईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, आत कोण हाय गं? मघापासून आवाज बी नाही. बघावं का दार तोडून?"

तात्यांना भयंकर आनंद झाला. पाटी वाचून थांबलेला घरातला पहिला माणूस! त्यांनी मामांना बसवून सुरक्षेचे सगळे नियम समजावून सांगितले. मग किल्लीचं रजिस्टर पुढं केलं. किल्ली घेताना नाव, वेळ आणि कारण लिहावं लागतं.

मामांनी गुपचूप लिहिलं. 'कारण' या रकान्यात 'अंघोळ'. आणि त्याच्या पुढच्या 'शेरा' या रकान्यात, 'वाट बघून गार पाण्यानं उरकली'.

*

शुक्रवारी मला घरून काम असतं. तात्यांच्या मते हा कंपनीचा डाव आहे. "त्यांची वीज वाचवायला तुला घरी बसवायलेत! कंपनीचं काम कंपनीच्या विजेवर करावं."

एका शुक्रवारी आमच्या टीमची मोठी मीटिंग होती. मी बोलत होते, स्क्रीनवर माझे तक्ते होते, तीस माणसं ऐकत होती. सहा वाजले. आणि सगळं गायब! बाहेर येऊन बघते तर तात्या राउटरची वायर गुंडाळत होते.

"तात्या, मीटिंग चालू होती माझी!"

"शिफ्ट सहाला संपती ना तुझी? मग?"

"अहो, संपते म्हणजे कागदावर संपते!"

"ओव्हरटाइम देतात?"

"नाही."

"मग संपली."

मी रडकुंडीला येऊन मोबाइलवरून मॅनेजरला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. मला वाटलं, गेली नोकरी. पण पलीकडचा फोन स्पीकरवर होता. मागून टीममधल्या सगळ्यांचा एकदम आवाज आला, "तात्यांना आमच्याही घरी पाठव ना!"

*

त्यानंतर तात्यांनी मोबाइल चार्जिंगचा बंदोबस्त केला. आमचे सगळ्यांचे फोन रात्रभर घरात चार्ज होतात हे त्यांना खुपत होतं. बाबांच्या कंपनीत लॉकरपाशी कामगारांसाठी चार्जिंगची सोय आहे. मग काय, आईचा आणि काकूंचा फोन, टॉर्च, पॉवर बँक असं सगळं बाबांच्या पिशवीत. डास मारायची रॅकेटसुद्धा! माझा फोन मी दिला नाही, म्हणून मला घरात दोन दिवस 'असहकारी' म्हणत होते.

गेटवर सिक्युरिटीवाल्यानं रॅकेट वर काढून विचारलं, "भाऊ, कंपनीत डास फार झालेत का?" बाबा म्हणाले, "थोडे."

तर एके सकाळी शिफ्ट सुरू होताना सगळे ओळीत उभे होते. सुपरवायझर दिवसाचं टार्गेट वाचत होता. तेवढ्यात बाबांच्या लॉकरपाशी खणखणीत आरती सुरू झाली. काकूंची रिंगटोन! एकानं टोपी काढली, दुसऱ्यानं हात जोडले, बघता बघता सगळी लाइन टाळ्या वाजवायला लागली. सुपरवायझर पण वाचायचं थांबून उभा. आरती संपली. सगळे कामाला लागणार, तोच पुन्हा पहिल्यापासून सुरू! तीनदा झाली. शेवटी मागून कुणीतरी विचारलं, "राव, प्रसाद काय आहे?"

बाबांनी घामाघूम होऊन फोन उचलला. पलीकडे तात्या.

"अरे, हिचा फोन सापडंना घरात. रिंग देऊन बघायलो."

*

एकदा मीटर जास्त पळतंय अशी तात्यांना शंका आली. घरातली सगळी बटणं बंद केली, तरी मीटरवरचा लाल दिवा मधूनमधून लुकलुकतोच! म्हणजे कुणीतरी आपली वीज ओढतंय. तात्यांनी जिन्यातून खाली बघितलं. खाली शकीलचाचांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो त्याच्या आधीपासून. माझी सायकल, शाळेतला प्रोजेक्ट, आईचा मिक्सर, सगळं त्यांनी फुकट दुरुस्त केलेलं.

"तात्या, लाज वाटत नाही का असा संशय घ्यायला?" मी म्हटलं.

"मी कुठं काय म्हणालो? नुसतं विचारायचंय."

त्यांनी विचारलंसुद्धा! चाचा हसले, टेस्टर खिशात टाकून वर आले. खोल्याखोल्यांतून फिरले. टीव्हीच्या मागं हात घातला, फ्रीजच्या मागं हात घातला, तात्यांच्या पलंगाखाली वाकले. आणि चार पांढऱ्या डब्या काढून टीपॉयवर मांडल्या. प्रत्येकीवर हिरवा दिवा.

"हे काय आहे, तात्या?" मी विचारलं.

"पॉवर सेव्हर. डांगे चौकात एक माणूस विकत होता. लावला की निम्मं बिल येतं. तेवढे चालू ठेवलेत मी, वीज वाचवतात म्हणून."

चाचांनी एक डबी उघडून आतला दिवा आणि बोटभर वायर दाखवली. आत दुसरं काही नव्हतंच.

"चोर सापडला तात्या," चाचा म्हणाले. "घरातच राहतो. चार भाऊ आहेत, आणि तुम्हीच त्यांना सांभाळताय!"

मी संधी साधली. "आता या चार दिव्यांच्या जागी आईचा पंखा लावू या."

"आधी महिना शंभरात बसतोय का बघू," तात्या म्हणाले. आई चाचांना चहा द्यायला वळली. पाठीवरचं ब्लाउज घामानं काळं झालं होतं. चाचांनी ते पाहिलं, खाली मान घातली आणि चहा एका दमात संपवला.

*

काकूंनी उन्हाळ्यावर स्वतःपुरता उपाय शोधला. दुपारी बारा वाजले की पासबुक घेऊन बँकेत! बँकेत एसी आहे. पासबुकात रोज भरण्यासारखं काही नसायचं, तरी काकू मशीनपाशी रांग लावायच्या, नंबर आला की मागच्याला पुढं जाऊ द्यायच्या आणि पुन्हा शेवटी उभ्या राहायच्या.

"मंगल, चल की तू पण," त्या आईला म्हणायच्या.

"आणि संध्याकाळच्या डब्यांचं?"

मग काकू एकट्याच जायच्या. बँकेतल्या साहेबांना वाटलं, मोठी पार्टी आहे, रोज येतेय! त्यांनी काकूंना केबिनमध्ये नेलं, पाणी दिलं आणि विम्याची एक योजना समजावायला घेतली. केबिन तर आणखी गार. काकूंनी तासभर ऐकलं आणि म्हणाल्या, "शेवटचं जरा कळलं नाही. उद्या येते."

चार दिवस साहेब रोज तीच योजना सांगत होते. पाचव्या दिवशी केबिनचा एसी बिघडला. पाचच मिनिटांत काकू उठल्या.

"अहो मावशी, थांबा. आता सहीच राहिलीय!"

"नको," काकू म्हणाल्या. "तुमची बँक पूर्वीसारखी राहिली नाही."

*

आता त्या शंभर युनिटांची गोष्ट. तात्यांची समजूत अशी की एकशेएकावं युनिट पडलं की आधीची शंभरही वरच्या दरानं लागतात. हे त्यांना कंपनीत कुणीतरी सांगितलं होतं आणि तिथल्या निम्म्या लोकांची हीच समजूत आहे. मी बिल उलटं करून दाखवलं. "तात्या, वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. इथं छापलंय."

"छापणारे आपल्या बाजूचे असतात का?" तात्या म्हणाले. यावर कॉलेजात काही शिकवलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये रीडिंगच्या आदल्या दिवशी मीटर अठ्ठ्याण्णव युनिटांवर होतं. तात्यांनी शटडाउन जाहीर केला. फ्रीज बंद, टीव्ही बंद, पंखे बंद. अ वर्गसुद्धा बंद! संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी रीडिंगवाला आलाच नाही. शटडाउन पुढं चालू. दही आंबलं, आईनं कढी केली. पीठ आंबलं, तिनं धिरडी केली. पंधरा डबेवाल्या पोरांनी तक्रार न करता दोन दिवस कढी आणि धिरडी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी रीडिंगवाला आला, तेव्हा तात्या जिन्यात त्याचा हात धरून उभे होते. त्यानं फोटो काढला. नव्याण्णव!

तात्यांनी आनंदाच्या भरात घरातले सगळे दिवे लावले आणि चौकात जाऊन दोन किलो जिलबी आणली. मी हिशेब केला. शंभरच्या वर दोन-चार युनिटं गेली असती, तर जेवढं बिल वाढलं असतं, त्याच्या कितीतरी पट जिलबी होती.

हे मी बोलूनही दाखवलं. "आणि आता शंभरात बसलंय, तर पंखा?"

"बसलंय ते पंखा नाही म्हणूनच," तात्या म्हणाले आणि मला जिलबी दिली.

*

मे महिन्यात एका दुपारी आई पोळ्या लाटता लाटता ओट्याला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. डॉक्टरांनी तपासलं, मीठ-साखरेचं पाणी प्यायला सांगितलं आणि म्हणाले, "उष्णतेनं झालंय. हवेशीर जागी काम करत जा."

"खिडकी उघडी ठेवत जा, मंगल," तात्या म्हणाले. आमची खिडकी डक्टमध्ये उघडते. तिथून समोरच्यांच्या फोडणीचा वास येतो, हवा नाही.

"तात्या, मी आज माळ्यावरून पंखा काढतेय."

"पाऊस पंधरा दिवसांवर आलाय. एवढ्यासाठी कशाला? आणि रविवारी पाहुणे हायत, आता पसारा नको."

पाहुणे म्हणजे तात्यांचे कंपनीतले दोन जुने सोबती, जगतापकाका आणि पवारकाका. तात्यांनी त्यांना वर्गवारी, कुलूप, रजिस्टर असं सगळं दाखवायला बोलावलं होतं. जेवायला आमरस-पुरी.

रविवारी आईनं सकाळी डबे केले आणि लगेच पुऱ्यांची कणीक मळायला घेतली. मी मदतीला गेले, तर म्हणाली, "दोघी उभ्या राहिलो तर अजून उकडेल. तू वाढ."

दुपारी दीडला चौघे हॉलमध्ये जेवायला बसले. तात्या, बाबा, दोन्ही काका. पंखा पाचवर. मी आतून गरम पुऱ्या आणत होते. पहिल्या घाण्यापासून वाहवा चालली होती.

"काय फुगल्यात हो पुऱ्या!" पवारकाका म्हणाले. "आमच्याकडं एक फुगंल तर शपथ."

"आमच्या मंगलचं तसं हाय," तात्या म्हणाले. "सकाळपासून उभी हाय, पण तक्रार नाही. पंखासुद्धा लागत नाही तिला."

मी पुऱ्या न्यायला आत गेले. आई दोन्ही हात ओट्यावर टेकवून, डोळे मिटून उभी होती. कढईत दोन पुऱ्या करपत होत्या. माझ्या आईनं आयुष्यात पुरी करपवलेली नाही.

मी गॅस बारीक केला. पुऱ्या काढल्या. तिचा हात धरून तिला बाहेर आणलं आणि हॉलमध्ये पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं.

"अगं, पुऱ्या राहिल्यात..."

"बस तू."

तात्यांना काही कळलं नाही. "ऋतुजा, गरम पुऱ्या आण की."

"नाही आणणार."

बाबांचा घास हातातच राहिला.

"काय बोलायलीस? पाहुणे बसलेत पानावर!"

"कणीक आत आहे, पोळपाट आत आहे, तेल तापलेलं आहे. ज्याला पुरी पाहिजे, त्यानं आत जाऊन लाटावी आणि तळावी. पंखा लागत नाही, हे तुम्ही आत्ताच सगळ्यांना सांगितलंत."

"ऋतू, मोठ्यांशी असं..." बाबांनी सुरुवात केली.

"तुम्ही पण जा, बाबा. झारा ओट्यावरच आहे."

तात्या लालबुंद झाले. पण जगतापकाका थेरगावचे जुने गाववाले, मोकळ्या मनाचे. ते हात झटकत उठले. "चला की तात्या! आपन भट्टीवर काम केलेली मानसं हाय. पोरीला दावू की करून. पाच मिनटाचं बी काम न्हाई!"

तात्यांना उठावंच लागलं. चौघे आत गेले.

पहिल्यांदा आतून हसणं ऐकू येत होतं. "लाट की गोल!" "अरे, हळू सोड, तेल उडायलंय!" "झारा कुठं गेला?" मग नुसतंच कुणीतरी, "हुश्श." मग भांडं पडल्याचा आवाज. मग हसणं थांबलं.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या काकू उठल्या. त्यांनी कोरं ताट आणून आईपुढे ठेवलं आणि वाटीत आमरस वाढला. आई ताटाकडं बघतच राहिली. तिच्या कपाळावरचे केस पंख्याच्या वाऱ्यानं सुकून हलायला लागले होते.

"ऋतुजा!" आतून तात्यांचा आवाज आला. तो नेहमीचा नव्हता. "ये इकडं. बाकीच्या तू कर आता."

"नाही येणार, तात्या."

कुणी बाहेर येईना. कढईतलं तेल तेवढं चरचरत होतं. आईनं वाटी हातात घेतली, मान जराशी आतल्या दाराकडं वळवली आणि रोज विचारते त्याच मऊ आवाजात विचारलं,

"भाऊजी, पुरी फुगतीय का?"